जुन्या शिडाच्या बोटीचा कठडा : बोल्ट स्वस्त, भोक महाग

दारे-खिडक्या, फर्निचर, जिन्याचे कठडे ही कामे आपल्या सुतार बंधूंच्या हातची आहेत. त्यांच्याच जातीचे, पण फार थोड्यांना नीट जमणारे एक काम म्हणजे शिडाच्या जुन्या बोटीवरील लाकडी कठड्याचे बोल्ट बदलणे. मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोरच्या बंदरात शिडाच्या यॉट नांगरलेल्या आपण पाहतो. दुबईसारख्या शहरात, जेथे कोकणातील कितीतरी घरांची माणसे रोजगारासाठी गेली आहेत, यॉटचे मोठे धक्के आहेत. बोटी जुन्या होतात आणि दुरुस्ती मागतात. ज्या कारागिराला ही दुरुस्ती शास्त्रशुद्ध येते त्याला काम शोधावे लागत नाही.

वरवर पाहता हे काम एका दुपारचे वाटते. जुना बोल्ट काढला, नवा घातला, भोवती सीलंट फासले, झाले. गिऱ्हाईक पैसे देतो आणि खूश होऊन जातो. मात्र थोड्याच दिवसांत केबिनमध्ये पाणी ठिबकू लागते. मग नव्या बोल्टला दोष दिला जातो. खरा दोष बोल्टचा नसून भोकाचा असतो. प्रस्तुत लेखाचा सारा मतलब एवढाच की, बोल्ट बदलणे हे या कामातले सर्वांत सोपे काम आहे. खरे काम भोक दुरुस्त करण्याचे आहे.

हा कठडा कशासाठी?

येथे कठडा म्हणजे बोटीच्या कडेने लावलेले पाइप आणि तारा नव्हेत. केबिनच्या छपरावर डाव्या व उजव्या बाजूला सागवानाची एक लांब पट्टी बसवलेली असते. तिला खालून कमानी कापलेल्या असतात. दोन कमानींमधील पाय छपरावर टेकतात आणि कमानीत हाताची पकड बसते. वाऱ्याने बोट एका अंगावर कलली की डेकवर चालणारा माणूस ही पट्टी धरूनच पुढे जातो. इंग्रज खलाशांत जुना नियम आहे की, एक हात जहाजासाठी आणि एक हात स्वतःसाठी. तो स्वतःसाठीचा हात या कठड्यावर असतो. रात्रीच्या वेळी भरसमुद्रात कठडा उखडला तर धरणारा माणूस थेट पाण्यात जाईल. म्हणून हे शोभेचे काम समजू नये. आपण घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर कुणाचे तरी वजन पडणार आहे, हे ध्यानात ठेवूनच पाना हातात घ्यावा.

सागवानाबद्दल शंका नको. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहायला मिळते. लाकूड दोनशे वर्षे टिकते. कठड्यात आधी दगा देतो तो धातू, आणि त्याच्याही आधी भोकाच्या आतला भाग.

डेक म्हणजे रजई

१९६० च्या सुमारास अमेरिका व इंग्लंडमध्ये फायबर ग्लासच्या बोटी साच्यातून मोठ्या संख्येने निघू लागल्या. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट-प्रदर्शनात आलेली पिअर्सन कंपनीची ‘ट्रायटन’ ही सुमारे २८ फुटी बोट या काळातील नावाजलेले उदाहरण आहे. त्या पिढीतील अनेक बोटी आजही पाण्यावर आहेत, कारण फायबर ग्लास सहसा सडत नाही. सडते ते त्याच्या पोटातले लाकूड.

अशा बोटीचा डेक एकजीव नसतो. वर फायबर ग्लासचा एक थर, खाली एक थर आणि मध्ये बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड किंवा प्लायवूड असते. बाल्सा मुख्यत्वे दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोरमधून येतो. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे एका शब्दात सांगता येईल : रजई. वरचा अभरा, खालचे अस्तर आणि मध्ये कापूस. या रचनेमुळे डेक हलका राहतो आणि ताठही राहतो. मात्र रजईला वरून भोक पडून पाणी शिरले तर वरचे कापड लवकर वाळते आणि आतला कापूस ओलाच राहून कुजतो. डेकचेही तसेच होते. बाल्सा कुजला की दोन्ही थरांचा एकमेकांशी संबंध तुटतो आणि पायाखाली डेक दबू लागतो.

आता हिशेब करा. एका कठड्याला सात पाय धरले तर दोन कठड्यांचे चौदा पाय होतात. म्हणजे छपराला चौदा भोके पडली. कारखान्यात भोक पाडताना आतल्या बाल्साच्या कडा बहुधा उघड्याच ठेवलेल्या असतात. सीलंट शाबूत असते तोवर सारे ठीक चालते. सीलंटला वीस-तीस वर्षे झाली, ते कडक होऊन सुटले, की चौदा ठिकाणांहून पाणी आत उतरू लागते.

बोल्ट कसा मरतो

स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही हा समज बाजारात पक्का झाला आहे. तो अर्धा खरा आहे. या पोलादात क्रोमियम असते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा पृष्ठभागावर तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. बोल्टचे डोके उघड्यावर असेल तर त्याला हवा मिळते व ते चकाकते. पण दांडा ओल्या लाकडाच्या सापटीत अडकलेला असतो. तेथे खारे पाणी पोहोचते, हवा पोहोचत नाही. पापुद्रा एकदा तुटला की पुन्हा धरत नाही आणि धातू आतल्या आत खाल्ला जातो. म्हणूनच जुना बोल्ट काढल्यावर डोके नव्यासारखे आणि मधला दांडा उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. वरून पाहून बोल्ट चांगला आहे असा निर्वाळा कधीही देऊ नये.

माल घेताना

येथे आपल्या हार्डवेअरच्या व्यापारी बंधूंचाही संबंध येतो. बाजारात स्टेनलेसच्या दोन मुख्य जाती मिळतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये निकेल जास्त असून शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. या मॉलिब्डेनममुळे ती जात खाऱ्या पाण्याला अधिक तोंड देते. बोटीसाठी ३१६ च घ्यावी. चांगल्या बनावटीच्या बोल्टच्या डोक्यावर किंवा पाकिटावर खूण असते : ए-२ म्हणजे ३०४ ची जात व ए-४ म्हणजे ३१६ ची. लोहचुंबक लावून या दोहोंतील फरक कळत नाही. घडवताना ताण पडलेला ३०४ चा बोल्टही चुंबकाला थोडा ओढला जातो. तेव्हा चुंबकावर विसंबून माल विकू नये आणि घेऊही नये.

सिलिकॉन ब्राँझ हा धातूही समुद्रासाठी उत्तम आहे. पितळ मात्र टाळावे. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबे राहते. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी बोल्टही नको. मुलामा उडाला की सागवानावर काळे डाग पडतात. हिरडा आणि लोखंड यांपासून रंगारी काळा रंग करतात, त्याच जातीची ही क्रिया आहे. हा डाग कापडावरून जसा सहजी जात नाही तसा लाकडावरूनही जात नाही.

बोल्टच्या डोक्याचा आकारही पाहावा. निमुळत्या डोक्याचा बोल्ट घट्ट करताना पाचरीसारखा आत शिरतो आणि जुने लाकूड चिरतो. सपाट बुडाचे डोके व त्याखाली वॉशर असेल तर दाब सारखा पसरतो. काही बोटींवर कारखान्याने बोल्टऐवजी लाकडाचे स्क्रूच वापरलेले असतात. छपराखाली हात पोहोचत असेल तर अशा ठिकाणी आरपार बोल्टच टाकावेत.

लांबी प्रत्येक भोकाला वेगळी मोजावी, कारण छपराची जाडी सर्वत्र एक नसते. डोक्याखाली उरलेले लाकूड ६ सूत, डेक ६ सूत, खालची पट्टी २ सूत, वॉशर व नट मिळून ३ सूत धरले तर १७ सूत, म्हणजे सव्वादोन इंचांना एक सूत कमी एवढा बोल्ट लागतो. तेथे अडीच इंची घेऊन जादा भाग कापावा. नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत.

कामाची रीत

१) आधी तपासणी. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक पायाभोवती छपरावर ठोकून पाहावे. निरोगी जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द आवाज येतो. केबिनच्या आत डाग जेथे दिसतो तेथेच गळती असते असे नाही. पाणी दोन थरांच्या मधून वाहत जाऊन दूरवर बाहेर पडते. तपासणीचा कागद मालकाला दाखवावा आणि मगच हत्यार उचलावे.

२) लाकडी बुचे काढणे. बोल्टच्या डोक्यावर सागवानाचे गोल बुच बसवलेले असते. पटाशीने उचकटल्यास भोकाची कड तुटते. त्याऐवजी बुचाच्या मध्यावर बारीक भोक पाडून त्यात लाकडाचा स्क्रू पिळावा. स्क्रूचे टोक बोल्टच्या डोक्याला टेकले की बुच आपोआप वर चढते.

३) बोल्ट सोडवणे. डोक्याची खाच आधी साफ करावी. तिच्यात बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हरच वापरावा. हट्टी बोल्टच्या डोक्यावर गरम सोल्डरिंग लोखंड काही वेळ धरल्यास जुने सीलंट मऊ पडते. खाली नट असेल तर एकाने डोके धरावे व दुसऱ्याने खालून नट फिरवावा. अनेक बोटींत केबिनच्या आतही तसाच कठडा असतो आणि दोन्ही एकाच बोल्टने आवळलेले असतात. बाहेरचा सोडताना आतला खाली पडणार नाही याची काळजी घ्यावी.

४) कठडा उचलणे. एका टोकाला जोर लावल्यास कमानीजवळ लाकूड तुटते. पातळ पात्याने प्रत्येक पायाखालचे सीलंट कापावे आणि लाकडी पाचरी मारत सर्व पाय सारखे वर आणावेत. डावा-उजवा, पुढचा-मागचा अशा खुणा पेन्सिलने करून ठेवाव्यात.

५) भोकाची परीक्षा. ड्रिल फिरवून आतला चुरा पाहावा. कोरडा, फिकट चुरा आला तर बाल्सा जिवंत आहे. तपकिरी, ओला गाळ आला तर तो कुजला आहे. कूज भोकाभोवती बोटभर असेल तर पुढील रीत पुरते. वीतभर पसरली असेल तर वरचा थर कापून नवे लाकूड घालावे लागते. ते निराळे काम आहे. ते झाकून कठडा पुन्हा बसवणे म्हणजे मालकाशी दगाबाजी होय.

६) भोक मोठे करणे. बोल्ट २ सुती असेल तर वरचा थर आणि आतले लाकूड ४ सुतांपर्यंत मोठे करावे. खालचा थर शाबूत राखावा आणि तेथील जुन्या भोकाला खालून चिकटपट्टी लावावी. मग वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून दोन थरांमधील लाकूड भोवताली आणखी चार सूत कोरून काढावे. वरचे तोंड लहान आणि पोट मोठे, असा मडक्यासारखा आकार झाला पाहिजे.

७) वाळवणे. घाई येथेच नडते. आतून पूर्ण कोरडे झाल्याशिवाय काही भरू नये. गरम हवेचे यंत्र बेताने वापरावे, नाहीतर फायबर ग्लास करपतो. मुंबईकडे हे काम एप्रिल-मेच्या उन्हात उरकावे. पावसाळ्यातील दमट हवेत लाकूडही नीट वाळत नाही आणि इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. असा थर आल्यास आधी पाण्याने घासून धुवावा व मगच पॉलिश पेपर लावावा.

८) इपॉक्सी भरणे. प्रथम पातळ इपॉक्सी ब्रशने आतल्या लाकडाला पाजावी. मग तिच्यातच सिलिका पावडर मिसळून लोण्याइतकी घट्ट करून मडके भरावे. साधे पॉलिएस्टर रेझिन येथे चालत नाही, त्याची पकड कमी पडते. दोन द्रवांचे प्रमाण कंपनीने सांगितले तेवढेच ठेवावे. हार्डनर जास्त घातल्याने ती लवकर वाळत नाही, कच्ची राहते. आपल्या उन्हात भांड्यातील इपॉक्सी फार लवकर तापते, म्हणून थोडी थोडी कालवावी. हातमोजे आवश्यक आहेत. एकदा त्वचेला इपॉक्सीची ॲलर्जी जडली की कारागिराला हा धंदाच सोडावा लागतो. पावडर मिसळताना तोंडाला मास्क बांधावा.

९) पुन्हा भोक पाडणे. दुसऱ्या दिवशी, इपॉक्सी दगडासारखी झाल्यावर, तिच्या मध्यावर बोल्टच्या मापाचे भोक पाडावे. वरच्या कडेला थोडी खोलगट चांभी द्यावी. आता बोल्ट बाल्साला स्पर्शही करत नाही. पुढे कधी सीलंट फाटले तरी पाणी भोकातून सरळ खाली टपकेल, मालकाला दिसेल आणि लाकडात मुरणार नाही. साऱ्या कामाचा जीव या एका गोष्टीत आहे.

सीलंट, आवळणे आणि बुच

सीलंटमध्ये तीन चुका सर्रास होतात. पहिली चूक म्हणजे सिलिकॉन लावणे. त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि पुढे त्या जागी दुसरे काहीही चिकटत नाही. दुसरी म्हणजे कायमचे चिकटवणारे कडक पॉलियुरेथेन लावणे. पुढच्या वेळी कठडा काढताना लाकूड तुटेल पण सीलंट सुटणार नाही. तिसरी म्हणजे बोल्ट घट्ट केल्यावर कडेने बोटाने सीलंट फासणे. बाहेरून फासलेले सीलंट दिसायला छान असते, पाणी अडवत नाही. सागवानासाठी पॉलिसल्फाइड किंवा ब्यूटाइल टेप योग्य आहे. मात्र प्लॅस्टिकच्या खिडक्यांना पॉलिसल्फाइड लागू देऊ नये.

सागवान तेलकट असते, म्हणून पायांचे बूड ॲसिटोनने पुसून घ्यावे. ॲसिटोन लगेच पेट घेतो. बंद केबिनमध्ये बिडी-सिगारेट वा ठिणगी नको. नंतर बोल्टभोवती, चांभीत आणि पायाखाली सीलंट भरपूर लावून कठडा बसवावा. मधल्या पायापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे, म्हणजे छपराच्या गोलाईवर लाकूड आपोआप वळते.

खाली नटामागे लहान वॉशर पुरत नाही. ताण आला की तो थरातून आरपार ओढला जातो. मोठे रुंद वॉशर किंवा स्टेनलेसची पट्टी द्यावी. तंबूच्या कापडाला दोरीचे भोक पाडताना आपण मागे जाड ठिगळ लावतो, त्याचे कारण हेच.

स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट वेगाने फिरवला तर दोन्ही एकमेकांना कायमचे धरून बसतात. आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि हाताने सावकाश फिरवावे. विजेचे यंत्र येथे वापरू नये. पॉलिसल्फाइड असल्यास आधी सीलंट कडेने सर्वत्र बाहेर येईल इतकेच आवळावे. ते रबरासारखे झाल्यावर शेवटचा आवळ द्यावा. त्या वेळी डोके स्थिर धरून फक्त नट फिरवावा, नाहीतर बोल्टभोवती बसलेली सीलंटची पकड तुटते. ब्यूटाइल असल्यास दोन-तीन दिवस रोज थोडे थोडे आवळत जावे.

शेवटी नवे बुच बसवावे. बुचाची आणि कठड्याची लाकडाची रेषा एका दिशेत जुळवावी. कडक गोंदाऐवजी वॉर्निश लावून बसवावे, कारण हे बुच उद्या कुणाला तरी काढायचे आहे. पटाशीचा पहिला काप थोडा वर घ्यावा, म्हणजे रेषा कोणत्या बाजूला उतरते ते कळते. मग सफाईने समतल करावे.

काम झाले म्हणजे परीक्षा घ्यावी. एकाने वरून नळीने अर्धा तास पाणी सोडावे व दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन प्रत्येक नट पाहावा. नंतर कारागिराने स्वतः आपल्या पूर्ण वजनाने कठडा आडवा ओढून पाहावा. ज्याच्यावर आपण लोंबकळायला तयार नाही, तो दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

भावाचा प्रश्न

चौदा बोल्टांची किंमत या कामाच्या हिशेबात सर्वांत लहान रकम आहे. मजुरीचे दिवस भोके कोरण्यात, वाळवण्यात आणि इपॉक्सी भरण्यात जातात. म्हणून सबंध कामाचा एकच ठोक भाव सांगणारा कारागीर अडचणीत येतो. छप्पर कुजलेले निघाले तर त्याला एक तर तोटा सोसावा लागतो, नाहीतर कूज झाकावी लागते. योग्य मार्ग असा की अंदाजपत्रक दोन भागांत लिहून द्यावे. पहिल्या भागात कठडा काढणे, माल आणि परत बसवणे. दुसऱ्या भागात प्रत्येक भोकाच्या दुरुस्तीचा दर, जो उघडून पाहिल्यावर मोजला जाईल. दोन्ही बाजूंची सही घ्यावी. कामाचे दिवस सांगताना वाळवण्याचे दिवस धरूनच सांगावेत.

काढलेले जुने बोल्ट फेकू नयेत. प्रत्येकाला भोकाचा क्रमांक लावून पिशवीत भरून मालकाच्या हाती द्यावेत. कुरतडलेला दांडा पाहिला की मजुरीबद्दल घासाघीस बहुधा उरत नाही. नव्या बोल्टची जात बिलावर स्पष्ट लिहावी. ३०४ चा माल देऊन ३१६ चा भाव लावणारा व्यापारी आज पकडला जाणार नाही, कारण दोन्ही सारखेच चमकतात. पण या मालाची परीक्षा दुकानाच्या गल्ल्यावर होत नाही. ती काही वर्षांनी, समुद्रात, कुणीतरी घाबरून कठड्याला हात घालतो त्या क्षणी होते. त्या हाताला बिल वाचता येत नाही. कारागिराने भोकात काय भरले आणि दुकानदाराने पाकिटात काय दिले, यावरच तो माणूस विसंबून असतो.